सेकंड लाइफसाठी परवडणारा लॅपटॉप: कोणता चालतो, कोणता अडतो आणि का

सेकंड लाइफ हे ऑनलाइन त्रिमितीय जग २००३ साली सुरू झालं. इतकं जुनं आहे म्हणजे कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालेल, असं सर्रास सांगितलं जातं. त्या सल्ल्यावर घेतलेला लॅपटॉप पहिल्या दिवशी बराही चालतो, कारण नवा माणूस मोकळ्या जागेत एकटाच फिरत असतो. मग तो एखाद्या क्लबात किंवा खरेदीच्या जत्रेत जातो, समोर तीस-चाळीस अवतार, म्हणजे इतर लोकांच्या पडद्यावरच्या आकृती, उभे असतात आणि चित्र अडखळायला लागतं. म्हणून इथे परवडणाऱ्या लॅपटॉपचे गट गर्दीच्याच कसोटीवर लावले आहेत. रिकाम्या समुद्रकिनाऱ्यावरचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांचा आकडा, कितीही देखणा असला तरी त्यावरून काहीही ठरवता येत नाही.

गर्दीत काय होतं ते आधी समजून घेतलं तर पुढची निवड सोपी जाते. नेहमीच्या गेममधलं प्रत्येक झाड आणि प्रत्येक खुर्ची स्टुडिओतल्या कलाकारांनी मोजूनमापून बनवलेली असते. वस्तूचा आकार घडवायला कुठे किती त्रिकोण वापरायचे, तिच्यावर चढवायचं चित्र, म्हणजे टेक्स्चर, किती मोठं ठेवायचं, याचा हिशेब आधी झालेला असतो. सेकंड लाइफमधलं बहुतेक सगळं मात्र रहिवाशांनी बनवलेलं आहे आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा. बोटातल्या अंगठीला शेजारच्या घरापेक्षा जास्त त्रिकोण असणं इथे नवलाचं नाही. एक अवतार ३८ वस्तूंपर्यंत अंगावर चढवू शकतो: केस, मेशचं (त्रिकोणांच्या जाळीचं) शरीर, डोकं, बूट, दागिने, वर स्क्रीनवर दिसणारी बटणांची पॅनल, म्हणजे हड. यातलं काहीही आपल्या डिस्कवर आधी नसतं. जवळ गेलं की नेटवरून येतं, टेक्स्चर जेपेग २००० या स्वरूपात येतात, ती प्रोसेसर उलगडतो आणि मग ग्राफिक्सच्या मेमरीत टाकतो.

त्यामुळे इथे ग्राफिक्स कार्डाआधी प्रोसेसरचा एकच थ्रेड, म्हणजे कामाची एक ओळ, दमतो. चित्रातली प्रत्येक वस्तू काढायचा हुकूम ग्राफिक्सला देण्याचं काम व्ह्यूअर, म्हणजे सेकंड लाइफ चालवायचा प्रोग्राम, मुख्यतः एकाच थ्रेडवर करतो. ८ थ्रेडच्या प्रोसेसरवर तो एक थ्रेड पूर्ण भरला तरी टास्क मॅनेजर एकूण वापर १२-१३ टक्क्यांच्या आसपास दाखवतो. पाहणाऱ्याला वाटतं, प्रोसेसर तर रिकामा आहे, मग दोष ग्राफिक्सचा. प्रत्यक्षात ग्राफिक्स कार्ड अर्ध्या कामावर वाट पाहत बसलेलं असतं. २०२२ मध्ये सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडन लॅब या कंपनीने व्ह्यूअरच्या वेगावर मोठं काम केलं आणि टेक्स्चर उलगडण्याचं काम इतर थ्रेडवर वाटलं गेलं. त्याने जागा लवकर भरते, स्क्रीन कमी गोठते. तरीही गर्दीतला फ्रेम रेट ठरवायला एका कोअरचा वेगच पुढे येतो.

दुसरा भार ग्राफिक्सच्या मेमरीवर, म्हणजे व्हीरॅमवर. १०२४ बाय १०२४ चं एक टेक्स्चर उलगडल्यावर ४ एमबी होतं, त्याच्या लहान प्रती धरल्या तर सव्वापाचच्या पुढे. २०२४ पासून २०४८ बाय २०४८ चीही सोय झाली आहे. ते एक टेक्स्चर साधारण २१ एमबी खातं. अशी शंभर टेक्स्चर पूर्ण आकारात आली की २ जीबी संपले. त्यात आता पीबीआर मटेरियल, म्हणजे पृष्ठभागावर प्रकाश खऱ्यासारखा दाखवायची पद्धत, आलं आहे. आधी जिथे एका पृष्ठभागाला एखादंच टेक्स्चर पुरायचं, तिथे पीबीआरमध्ये मूळ रंग, खडबडीतपणा-धातूपणा, नॉर्मल आणि स्वतःचा उजेड अशी चारपर्यंत लागू शकतात. व्हीरॅम भरली की व्ह्यूअर बंद पडत नाही. तो लांबची टेक्स्चर धूसर करतो, मान वळवली की पुन्हा स्पष्ट करतो, मग दुसरीकडची धूसर करतो. भिंतीवरचं चित्र सारखं स्पष्ट-धूसर होत राहिलं तर नेटला दोष देण्याआधी व्हीरॅमचा आकडा पाहावा.

रॅमपासून सुरुवात करा

बजेट कमी असेल तर पहिला पैसा रॅमवर घालावा. ८ जीबीचा लॅपटॉप या कामासाठी घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. विंडोज, ब्राउझर आणि गप्पांचं एखादं ॲप यांतच त्यातले निम्मे जातात. गर्दीतला व्ह्यूअर उरलेले गिळून डिस्कवर उतरतो आणि मग प्रत्येक पावलाला अर्ध्या सेकंदाचा धक्का बसतो. १६ जीबी हवेच. ३२ ची गरज फक्त त्यांना, जे एकाच वेळी दोन अवतार लॉगिन करतात किंवा बाजूला ब्लेंडरमध्ये मेश बनवतात.

१६ जीबी कशी बसवली आहे, यावर मात्र फारच कमी लोक लक्ष देतात. डीडीआर४-३२०० च्या एका चॅनलला, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या एका वाटेला, सेकंदाला २५.६ जीबी वाहून नेता येतात, दोन चॅनल असतील तर ५१.२. डीडीआर५-४८०० ला हेच आकडे ३८.४ आणि ७६.८ होतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सलाही हीच वाट वापरावी लागते. म्हणजे एकच पट्टी असलेला लॅपटॉप आणि तोच लॅपटॉप दोन पट्ट्यांसह, ही ग्राफिक्सच्या दृष्टीने दोन वेगळी यंत्रं आहेत. इंटेलच्या ११ व्या ते १३ व्या पिढीत तर आयरिस एक्सई हे नावही दोन चॅनल असतील तरच मिळतं. एका चॅनलवर तोच चिप नुसता यूएचडी म्हणून दिसतो आणि तसाच मंद चालतो.

घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. रॅम बोर्डवर जोडलेली आहे की स्लॉटमध्ये? रिकामा स्लॉट आहे का? जास्तीत जास्त किती चालते? ८ जीबी बोर्डवर आणि एक स्लॉट रिकामा, असा लॅपटॉप स्वस्तात मिळत असेल तर त्यात त्याच वेगाची ८ जीबीची पट्टी टाकणं हा या सगळ्या खरेदीतला सर्वात फायद्याचा खर्च आहे. ८ जीबी बोर्डवर आणि स्लॉटच नाही, असा असेल तर पुढे जा. लॅपटॉप हातात आल्यावर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर मेमरीखाली वापरलेले स्लॉट आणि वेग दिसतात. चॅनल एक की दोन हे सीपीयू-झेड या छोट्या मोफत प्रोग्राममध्ये कळतं.

प्रोसेसरच्या नावातली अक्षरं

इथे दुकानातला आय५ किंवा रायझन ५ हा शब्द काहीच सांगत नाही. शेवटची अक्षरं आणि मधले आकडे वाचावे लागतात.

इंटेलमध्ये यू म्हणजे साधारण १५ वॅटचा, बॅटरी वाचवणारा. एच म्हणजे ४५ वॅटचा. आय५-१२३५यू मध्ये १० कोअर आहेत, पण वेगवान फक्त २, बाकी ८ छोटे. आय५-१२४५०एच मध्ये एकूण ८ कोअर, त्यातले ४ वेगवान. कोअरची संख्या पाहून पहिला घेणारे पुष्कळ आहेत. गर्दीत तासभर बसायचं असेल तर दुसराच घ्यावा, कारण तो आपला वेग टिकवून धरतो. यू मालिकेतला प्रोसेसर सुरुवातीला जोरात धावतो आणि तापला की १५ वॅटवर येऊन बसतो. एन१०० किंवा एन९५ असलेले सर्वात स्वस्त लॅपटॉप या कामाचे नाहीत. चारही कोअर छोटे आणि मेमरीचा चॅनल एकच, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणली तरी गर्दीत पाय उचलत नाही.

रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा पाहा. तो २ असेल तर आतला कोअर झेन २ चा, म्हणजे जुना. ३ असेल तर झेन ३ किंवा ३ प्लस. ४ असेल तर झेन ४. रायझन ५ ७५२०यू हे नाव नवं वाटतं, पण आत झेन २ चे ४ कोअर आणि रेडियॉन ६१०एम नावाचं अवघ्या २ युनिटचं ग्राफिक्स आहे. याच्या शेजारी जवळजवळ तसंच नाव असलेला ७५३५यू ठेवला तर त्यात झेन ३ प्लस आणि ६ युनिटचं ६६०एम मिळतं. दोन आकड्यांचा फरक, पण सेकंड लाइफसाठी पहिला टाळावा आणि दुसरा खुशाल घ्यावा. ७६४०एचएस मध्ये झेन ४ आणि ७६०एम येतं, ७८४०एचएस मध्ये १२ युनिटचं ७८०एम. बजेटच्या वरच्या टोकाला, वेगळ्या कार्डाशिवाय, हेच सर्वात चांगले पर्याय.

ग्राफिक्स: कुठल्या गटाला किती गुण

सर्वात खालचा गट म्हणजे जुनं इंटेल यूएचडी ६२० असलेले, नूतनीकरण करून विकले जाणारे ऑफिसचे लॅपटॉप. कीबोर्ड उत्तम, बांधणी दणकट, किंमत मोहात पाडणारी. पण पीबीआर आल्यापासून व्ह्यूअरला प्रकाश आणि परावर्तनाचं काम टाळताच येत नाही. आधी जी साधी पद्धत बंद-चालू करता यायची ती गेली. घरी बसून गप्पा मारायला आणि वस्तू आवरायला हे पुरतील. नाचाच्या कार्यक्रमाला नाही.

त्याच्या वर दोन चॅनलची मेमरी असलेलं आयरिस एक्सई. सावल्या बंद, ड्रॉ डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं चित्र काढायचं ते अंतर) ६४ मीटर, अवतारांची मर्यादा दहा-बारावर, अशा शिस्तीत हे चालतं. ज्याला अभ्यासासाठी किंवा कामासाठी हलका लॅपटॉप हवाच आहे आणि सेकंड लाइफ हा संध्याकाळचा तासभर आहे, त्याने याच्यावर आणखी खर्च करायची गरज नाही. ६६०एम त्याच पंक्तीत थोडं पुढे. ६८०एम, ७६०एम, ७८०एम आणि इंटेलच्या कोअर अल्ट्राच्या एच मालिकेतलं आर्क हे याहून बरेच वर बसतात, अट एकच, १६ जीबी दोन चॅनलमध्ये.

एएमडीच्या ग्राफिक्सबद्दल एक जुनी तक्रार अजून फिरत असते की सेकंड लाइफ त्यावर मंद चालतं. ती एके काळी खरी होती. हा व्ह्यूअर ओपनजीएलवर, म्हणजे ग्राफिक्सशी बोलायच्या एका जुन्या पद्धतीवर, चालतो आणि विंडोजवरचा एएमडीचा ओपनजीएल ड्रायव्हर कमकुवत होता. जुलै २०२२ मध्ये आलेल्या २२.७.१ ड्रायव्हरपासून ते चित्र पालटलं. मात्र लॅपटॉपमध्ये आधीपासून टाकलेला ड्रायव्हर किती जुना असेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी एएमडीच्या साइटवरून नवा घ्यावा.

वेगळ्या कार्डांमध्ये एमएक्स४५० आणि एमएक्स५५० यांच्यापासून लांब राहा. २ जीबी व्हीरॅम आज इतकी तोकडी आहे की त्यापेक्षा चांगलं अंतर्गत ग्राफिक्स बरं. जीटीएक्स १६५० मध्ये ४ जीबी आहे आणि ते अजून काम देतं. आरटीएक्स २०५० नावाने त्याच्या पुढचं वाटतं; कोअर खरंच जास्त आहेत, पण मेमरीची वाट ६४ बिटची आहे, १६५० ची १२८ बिटची. टेक्स्चर ओतत राहणाऱ्या या जगात ही अरुंद वाट जाणवते. दोन्ही एकाच किमतीला असतील तर २०५० घ्या, कारण तंत्र नवं आहे. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आरटीएक्स ३०५० दोन प्रकारांत येतं, ४ जीबी आणि ६ जीबी. ६ जीबीवाल्याची वाट ९६ बिटची, म्हणजे ४ जीबीवाल्यापेक्षा अरुंद. तरीही सेकंड लाइफसाठी ६ जीबीवालंच घ्यावं, इथे अडतं ते जागेवर. आरटीएक्स ४०५० मध्येही ६ जीबी आहे आणि सावल्या, परावर्तन लावून फोटो काढायची हौस असेल तर बजेट ताणून तिथवर जाणं पटण्यासारखं आहे. त्यापुढे खर्च करू नये. आधी सांगितलेला एक थ्रेड तेव्हा आड येतो आणि महागडं कार्ड निम्मं झोपून राहतं. त्या फरकाच्या पैशात चांगला प्रोसेसर घ्यावा.

कार्डाचं नाव एक असूनही त्याला मिळणारी वीज लॅपटॉपगणिक वेगळी असते. ३०५० साठी ही मर्यादा ३५ ते ८० वॅट, ४०५० साठी ३५ ते ११५. याला टीजीपी म्हणतात आणि तो आकडा उत्पादकाच्या तांत्रिक माहितीत असतो, जाहिरातीच्या पाटीवर सहसा नसतो. ४५ वॅटचं ४०५० आणि ९५ वॅटचं ४०५० एकाच नावाने विकले जातात. लेनोवो एलओक्यू, एचपी व्हिक्टस, एसर नायट्रो, आसुस टफ या सगळ्या मालिकांत एकाच नावाखाली अनेक प्रोसेसर आणि अनेक कार्डं येतात. त्यामुळे अमुक मालिका चांगली, असं कुणी सांगितलं तर त्यावर न थांबता पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन त्याचं माहितीपत्रक वाचावं.

स्क्रीन, डिस्क, उष्णता

१४४ हर्ट्झचा स्क्रीन इथे वाया जातो. गर्दीत २५-३० फ्रेम मिळाल्या तर समाधान मानावं अशा जगात १४४ चा उपयोग कुठे? त्यापेक्षा रंग पाहा. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये ४५ टक्के एनटीएससीचा (रंगांच्या व्याप्तीचं एक माप) फिका पॅनल सर्रास असतो. ज्या जगात लोक कपड्यांच्या छटा निवडतात, घरं सजवतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात, तिथे असा पॅनल सगळा रस काढून घेतो. १०० टक्के एसआरजीबी (हेही रंगांच्या व्याप्तीचं माप) आणि ६० हर्ट्झ असा पर्याय मिळाला तर तोच उत्तम.

रिझोल्यूशनचंही तसंच. १९२० बाय १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. २८८० बाय १८०० म्हणजे ५१ लाख ८४ हजार, बरोबर अडीचपट. हे दाट स्क्रीन बहुतेक वेळा अंतर्गत ग्राफिक्सच्याच पातळ लॅपटॉपला लावलेले असतात आणि तिथे ते परवडत नाहीत. असा लॅपटॉप घेतलाच तर व्ह्यूअर चालवताना विंडोजचं रिझोल्यूशन कमी ठेवावं.

डिस्क एनव्हीएमई एसएसडी हवी, ५१२ जीबी पुरे. ईएमएमसी, म्हणजे स्वस्त आणि मंद साठवण, असलेले घेऊ नयेत. व्ह्यूअरची कॅश, म्हणजे नेटवरून आलेल्या गोष्टींचा डिस्कवरचा साठा, म्हणजे हजारो लहान फाइलींची सतत ये-जा. तिथे ईएमएमसीची दमछाक होते.

उष्णतेचा अंदाज बाहेरून बऱ्यापैकी घेता येतो. पंखा एक की दोन, हवा बाहेर जायला मागे आणि बाजूला दोन्हीकडे जाळ्या आहेत की एकच, खालच्या रबरी पायांची उंची किती. पातळ आणि एका पंख्याचा लॅपटॉप पहिली दहा मिनिटं सगळ्यांच्या बरोबरीने धावतो, मग प्रोसेसर ९५-१०० अंशांवर पोचतो आणि स्वतःला आवरतो. हेच कारण आहे की दुकानात दोन मिनिटं चालवून पाहिलेल्या लॅपटॉपबद्दल काहीही बोलता येत नाही. घरी बसल्यावर व्ह्यूअरमध्ये फ्रेम रेटला ४० ची मर्यादा घाला. रिकाम्या जागेत उगाच शंभर फ्रेम काढून तापण्याऐवजी तो थंडावा गर्दीसाठी राखला जातो.

चार्जर लॅपटॉपबरोबरचाच वापरा. वेगळं कार्ड असलेल्या लॅपटॉपला ६५ वॅटचा यूएसबी-सी चार्जर लावला तर तो चार्ज होताना दिसेल, पण पूर्ण वेग देणार नाही. बॅटरीवर तर वेग मुद्दाम उतरवलेला असतो.

मॅकबुक एअर एम१ आता जुन्या बाजारात परवडतो आणि विचारणारे पुष्कळ आहेत. व्ह्यूअर त्यावर चालतो, अपेक्षेपेक्षा बरा चालतो. अडचणी दोन. ॲपलने २०१८ मध्येच ओपनजीएल बाजूला सारलं आणि ते ४.१ वर थांबलं आहे. आणि या लॅपटॉपला पंखाच नाही. ८ जीबीचा तर घेऊच नये, कारण ती मेमरी ग्राफिक्ससकट सगळ्यांची आहे आणि नंतर वाढवता येत नाही. स्नॅपड्रॅगन असलेले विंडोज लॅपटॉप बॅटरीला अप्रतिम, पण व्ह्यूअर अनुवादाच्या थरातून आणि ओपनजीएल आणखी एका थरातून, असा प्रवास या कामासाठी पत्करू नये. क्रोमबुकसाठी अधिकृत डेस्कटॉप व्ह्यूअर नाही, विषय तिथेच संपतो.

जुना गेमिंग लॅपटॉप घ्यायचा असेल तर जीटीएक्स १६६० टीआय असलेला शोधा. ६ जीबी व्हीरॅम आणि १९२ बिटची वाट, म्हणजे नव्या ३०५० पेक्षाही या जगाला जास्त मानवणारं कार्ड. विंडोजचा बॅटरी अहवाल काढून मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता यांची तुलना करा. निम्म्याखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून बोला. थर्मल पेस्ट वाळलेली असणार हे गृहीत धरा, तीही बदलून घ्या.

हातात आल्यावर पहिल्या तासात

दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये सर्वात जास्त फसगत होते ती इथे. व्ह्यूअर गुपचूप अंतर्गत ग्राफिक्सवर चालू होतो आणि चांगलं कार्ड रिकामं बसतं. व्ह्यूअरच्या हेल्प मेनूतलं अबाउट उघडा; तिथे चालू ग्राफिक्स कार्डाचं नाव, ओपनजीएलची आवृत्ती आणि पॅकेट लॉस, म्हणजे नेटवर वाटेत हरवलेल्या संदेशांचं प्रमाण, दिसतो. कार्डाचं नाव चुकीचं असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन व्ह्यूअरची एक्झी फाइल यादीत घाला आणि हाय परफॉर्मन्स निवडा. व्ह्यूअर बंद करून पुन्हा चालू करा. व्ह्यूअरची मोठी आवृत्ती बदलली की फाइलचं ठिकाण बदलू शकतं, तेव्हा हे पुन्हा तपासा.

फक्त एएमडीचं अंतर्गत ग्राफिक्स असेल आणि रॅम १६ जीबी असेल, तर बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर (रॅममधला ग्राफिक्ससाठी राखलेला भाग) हा पर्याय आहे का पाहा. असल्यास २ जीबी करा. सगळ्या लॅपटॉपमध्ये तो दिलेला नसतो.

अँटिव्हायरसला व्ह्यूअरची कॅश वगळायला सांगा, फायरस्टॉर्म हा दुसरा व्ह्यूअर वापरत असाल तर त्याचे प्रोग्रामही. नाहीतर कॅशमधली प्रत्येक फाइल उघडताना तपासली जाते आणि टेक्स्चर धूसरच राहतात. कॅश एसएसडीवर आहे याची खात्री करून तिचा आकार ऐसपैस ठेवा.

मग ग्राफिक्सची सेटिंग. सर्वात मोठा फरक ड्रॉ डिस्टन्सने पडतो. एक रीजन, म्हणजे या जगातला जमिनीचा एक तुकडा, २५६ मीटर बाजूचा चौरस असतो. अंतर ६४ वरून १२८ केलं की दुप्पट नाही, चौपट क्षेत्र काढावं लागतं. बंद क्लबात ४८ सुद्धा भरपूर, मोकळ्या गावात ९६, होडी चालवताना १२८ च्या पुढे. त्यानंतर पूर्ण तपशिलात दिसणाऱ्या अवतारांची संख्या आणि अवताराच्या कॉम्प्लेक्सिटीची, म्हणजे त्याला काढायच्या भाराच्या आकड्याची, मर्यादा. ही मर्यादा ओलांडणारे अवतार एकरंगी आकृती होऊन दिसतात, ज्यांना जेली डॉल म्हणतात. ज्याच्याशी बोलायचं आहे त्याला उजव्या क्लिकने पूर्ण दाखवता येतं, त्यामुळे मर्यादा खाली ठेवायला संकोच करू नये. सावल्या बंद, कारण सावलीसाठी तेच दृश्य सूर्याच्या बाजूने पुन्हा काढावं लागतं. आरसे आणि स्क्रीन स्पेस परावर्तन बंद. आपल्याच अंगावरचे नको असलेले हड काढून टाका. ते दिसायला छोटे असतात, पण त्यांची टेक्स्चर व्हीरॅम खातात. हे सगळं हाताने करायचा कंटाळा असेल तर व्ह्यूअरमध्ये स्वयंचलित सोय आहे. हवा तो फ्रेम रेट सांगितला की तो सेटिंग खालीवर करतो. बजेट लॅपटॉपवर लक्ष्य ३० ठेवावं, ६० नको.

नेटसाठी केबल लावता येईल असं लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप बरा. मोठ्या फाइली एचटीटीपीने येतात, पण चालण्या-बोलण्याचे संदेश यूडीपीने जातात आणि ते हरवले की अवतार रबरासारखा मागे ओढला जातो. अबाउटमधला पॅकेट लॉस शून्याजवळ हवा. व्ह्यूअरमधली बँडविड्थची मर्यादा १५०० केबीपीएसच्या वर नेऊ नका, नेट कितीही वेगवान असलं तरी.

परतीची मुदत असेपर्यंत ही चाचणी करा

चार्जर लावून, विंडोजची सगळी अपडेट संपल्यावर लॉगिन करा. कंट्रोल, शिफ्ट आणि १ दाबलं की आकड्यांची पट्टी उघडते. ड्रॉ डिस्टन्स ९६, सावल्या बंद ठेवून वीसपेक्षा जास्त अवतार असलेल्या ठिकाणी जा. पहिली दहा मिनिटं काहीच लिहून ठेवू नका. तेव्हा सगळं डाउनलोड होऊन उलगडत असतं आणि आकडा खोटा असतो. नंतर एकाच जागी उभं राहून, कॅमेरा न हलवता फ्रेम रेट टिपा. त्याच पट्टीत सर्व्हरचा वेग सांगणारे दोन आकडे पाहा: सिम एफपीएस ४५ च्या आणि टाइम डायलेशन १ च्या जवळ आहे का. तो आकडा पडला असेल तर अडखळणं सर्व्हरचं आहे, लॅपटॉपला दोष देऊ नका आणि चाचणी दुसरीकडे घ्या.

आता अर्धा तास तिथेच थांबा. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान मोजणारा प्रोग्राम चालू ठेवून प्रोसेसरचं तापमान आणि कोअरचा वेग पाहत राहा. गर्दीत २० च्या वर फ्रेम म्हणजे वापरण्याजोगं, ३० म्हणजे उत्तम, १२ च्या खाली चालणंही चिकट वाटतं. आकडा कमी असून ग्राफिक्सचा वापर निम्म्याच्या आसपास दिसत असेल तर प्रोसेसर अपुरा पडतो आहे. अशा वेळी अवतारांची मर्यादा कमी करून उपयोग होतो, रिझोल्यूशन कमी करून होत नाही. उलट ग्राफिक्सचा वापर शंभराला टेकला असेल तर रिझोल्यूशन आणि परावर्तन खाली आणून फरक पडेल. अर्ध्या तासानंतर फ्रेम रेट सुरुवातीच्या आकड्याच्या दोन तृतीयांशाखाली आला आणि त्याच वेळी कोअरचा वेगही कोसळलेला दिसला, तर थंड करण्याची व्यवस्था कमी पडते आहे. मागून कूलिंग पॅड घेऊन ते नीट सुटत नाही. असा लॅपटॉप मुदत संपायच्या आत परत करावा.